अप्सरेची नथ

“हिच्या नाकात काय आहे?”

देवस्थळी मॅडमनी छायाचित्रावर भिंग धरले होते आणि भिंगावर त्यांचा एक डोळा खिळला होता. माझ्याकडे न पाहताच त्यांनी हे विचारले. त्यांच्या पाहण्यापेक्षा त्यांच्या न पाहण्याचीच मला नेहमी अधिक धास्ती वाटे.

“दगडाचा टवका निघाला असावा, मॅडम.”

“टवका निघाला की खड्डा पडतो, गोसावी. हा उंचवटा आहे. आणि त्या उंचवट्याला तीन मोती आहेत.”

मी वाकून पाहिले. भिंगाखाली माझी अप्सरा एकाएकी मोठी झाली होती. एका हाताने तिने वीराला सावरले होते, दुसऱ्या हातात फुलांचा हार होता आणि नाकात खरोखरच तीन मोत्यांची एक ठसठशीत नथ होती. हे छायाचित्र मी सहा महिने उशाशी ठेवून झोपत होतो.

“तेराव्या शतकातल्या किती शिल्पांमध्ये तुम्ही नथ पाहिलीत?”

“एकाही नाही.”

“मीही नाही. तेव्हा एकतर तुम्ही आजवरची सगळी पुस्तके खोटी पाडली आहेत,” त्यांनी भिंग खाली ठेवले आणि आता मात्र माझ्याकडे पाहिले, “किंवा दुसरे काहीतरी घडले आहे. त्या गावात किती वेळा गेलात?”

“चार वेळा.”

“किती जणांशी बोललात?”

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा तो मार्च महिना होता. टेबलावर माझ्या लघुप्रबंधाची ब्याण्णव टंकलिखित पाने होती आणि पहिल्या पानावर ठळक अक्षरांत शीर्षक होते: ‘पांगरखेल येथील अप्रकाशित वीरगळ: काळ आणि शैली’. वीरगळ म्हणजे लढाईत किंवा गावची गुरे सोडवताना पडलेल्या वीराच्या नावाने उभारलेला दगड. असे दगड आपल्याकडे गावोगाव दिसतात; पण पांगरखेलचा दगड कोणत्याही यादीत नव्हता. तो मला सापडला होता. मी त्याची मापे घेतली, ठसे घेतले आणि वीराच्या अंगावरच्या शेंदराच्या थराची जाडी मोजून त्यावर एक स्वतंत्र परिशिष्ट लिहिले. दगडांशी माझे चांगले जमत असे. दगड समोरून प्रश्न विचारत नाहीत.

“गोसावी, किती जणांशी?”

“एसटीच्या कंडक्टरशी.”

मॅडमनी माझी क्षेत्रभेटीची नोंदवही उघडली. प्रत्येक भेटीच्या पानावर ‘माहितीदारांची नावे’ असा एक रकाना होता. त्या चारही रकान्यांत मी पट्टी लावून एकेक सुबक आडवी रेघ ओढली होती.

“रेघ छान आहे,” त्या म्हणाल्या. “सादर करायला अकरा दिवस उरलेत. उद्या पहिल्या गाडीने जा आणि विचारा. दगडाला नाही, माणसांना. आणि मुजावरला बरोबर न्यायचं नाही.”

रफिक मुजावर हा वसतिगृहात माझ्या खोलीत राहत असे. विहिरीच्या काठावर उभा राहिला तरी तो तळाशी असलेल्या बेडकाची वंशावळ काढून आला असता. पाणवठ्यांच्या इतिहासावर त्याचा प्रबंध होता आणि त्याचा माहितीदारांचा रकाना भरून त्याला पुरवणी पाने जोडावी लागली होती. मॅडमची अट ऐकून तो पोट धरून हसला.

“तुझी नाडी बरोबर ओळखली की रे त्यांनी.”

“रफिक, माझं वर्ष जाईल.”

त्याचे हसू थांबले. माझ्या घरची गोष्ट त्याला ठाऊक होती. इतिहासात एम.ए. करून पुढे काय, हा प्रश्न वडिलांनी मला एकदाच विचारला होता आणि मी उत्तर देऊ शकलो नव्हतो. टपाल खात्यातून ते पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. त्यांनी मला दोन वर्षे दिली होती. तिसरे मागायचे नाही, असे मी स्वतःच कबूल केले होते. प्रबंध नापास झाला तर काकांचे औषधांचे दुकान होतेच. तिथल्या काउंटरमागची माझी जागाही ठरलेली होती.

“ऐक, उमाकांता,” रफिक म्हणाला. “गावात उतरलास की पहिलं वाक्य फक्त एक. ‘पाणी मिळेल का?’ बास. याला महाराष्ट्रात अजून कुणी नाही म्हटलेलं नाही. पुढचं सगळं समोरचा माणूस बोलतो.”

“आणि नाही बोलला तर?”

“तर पाणी पी आणि परत ये. म्हण बघू एकदा.”

“पाणी मिळेल का?”

“अरे, कर्ज मागतोयस का? मोठ्यानं म्हण.”

पांगरखेल माण तालुक्याच्या एका टोकाला आहे. सकाळी निघालेली गाडी दहाच्या सुमाराला तिथे पोचते आणि मला उतरवून, धुळीचा एक लोट मागे ठेवून पुढे जाते. फाट्यावर एक पिंपरणीचे झाड, झाडाखाली पार, पाराच्या एका अंगाला पत्र्याचे छोटे हॉटेल आणि दुसऱ्या अंगाला, कमरेएवढ्या चौथऱ्यावर, माझा वीरगळ. खालच्या चौकटीत गुरे आणि लढणारा वीर, तेल-शेंदराने माखलेला. मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. सगळ्यांत वर शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला तोच वीर. मार्चचे ऊन त्याच्यावर पडले होते. त्या दिवशी प्रथमच मला त्याच्या नजरेला नजर देववेना.

मागच्या चारही भेटींत हॉटेलमालक आप्पा ओंबासे यांनी न मागता माझ्यासमोर चहा आणून ठेवला होता आणि काही न बोलता ते निघून गेले होते. त्यांचे हे मौन मला फार आवडे. आपल्यासारखाच एक माणूस या माळावर आहे, असे मला वाटे. त्यांचे नावही मला हॉटेलच्या पाटीवरूनच कळले होते.

मी हॉटेलपुढे जाऊन उभा राहिलो. वाक्य ओठांपर्यंत आले आणि दोनदा माघारी गेले.

“पाणी मिळेल का?”

आप्पांच्या हातातली किटली जागच्या जागी थांबली. पारावर बसलेल्या तिघांनी माना वळवल्या.

“आँ?” आप्पा म्हणाले. “बोलता येतंय व्हय तुमास्नी?”

“येतं.”

“आरं, सायेब बोलत्यात!” आप्पांनी पाराला ही बातमी दिली. “आमी आपलं मुकं समजून चाललो हुतो. ह्यो नाना तर म्हणायचा, सरकारनं मुद्दाम मुकं माणूस धाडलंय; म्हंजी कुणी काय इचारलं तरी बाहीर पडायचं न्हाई.”

“सरकारनं?”

“रस्त्याचं मापवालं न्हवं का तुमी? चार येळा टेप लावून गेलासा. दगूड हलवायचा इचार दिसतोय म्हणून गावानं तालुक्याला अर्ज लिवलाय. सत्तर सह्या झाल्यात.”

नाना नावाचे गृहस्थ पारावरून म्हणाले, “आन् अंगठं धरलं न्हाईत त्यात.”

मी सहा महिने ज्या गावाच्या इतिहासाचा अभ्यास करत होतो, ते गाव सहा महिने माझ्याविरुद्ध अर्ज तयार करत होते. मी विद्यार्थी असल्याचे, दगड हलवणार नसल्याचे, केवळ त्याच्याविषयी लिहीत असल्याचे मी सांगितले. एवढे लांब वाक्य मी अनोळखी माणसांसमोर पूर्वी कधी बोललो नव्हतो. पारावरचे वातावरण लगेच निवळले. पाणी आले, चहा आला, एका कागदावर शेवही आली.

“मग पहिल्याच दिशी इचारायचं की, लेकरा,” नाना म्हणाले. “आमी काय खाणार हुतो का तुला?”

‘साहेब’चे ‘लेकरू’ व्हायला एक वाक्य पुरले होते. त्या आधारावर मी दुसरे वाक्य उच्चारले.

“हा दगड किती जुना असेल, आप्पा?”

“ह्यो?” आप्पांनी बोटांवर हिशेब केला. “माझं लगीन झालं त्या सालचा. म्हंजी भात्तरचा. सव्वीस वरसं झाली बगा.”

शेवेचा घास माझ्या तोंडात तसाच राहिला.

“भात्तरचा म्हणजे?”

“दुष्काळातला. हणमंता पाथरवटानं घडीवलाय. गावात शेंबडं पोर सांगंल तुमाला. का, काय झालं?”

“शेंदूर इतका जाड आहे,” मी म्हणालो. ते विधान होते की विनवणी, हे मला आज सांगता येणार नाही.

“असणारच. दर अवसंला दोन वाट्या चढतोय. वीराला शेंदूर, वरच्या बायांना हळदकुकू. बायांना शेंदूर लावत न्हाईत आमच्यात.”

म्हणून अप्सरांचे चेहरे उघडे होते. म्हणून ती नथ दिसली. माझे पुराव्याचे परिशिष्ट त्या दोन वाट्यांत बुडताना मी शांतपणे पाहत राहिलो.

हणमंता विटकरांचे घर ओढ्याच्या वळणावर होते. आप्पांनी लांबूनच दाखवले. पण टाकीचा ठक्-ठक् असा लयीत येणारा आवाज ऐकत गेलो असतो तरी मी चुकलो नसतो. दारापुढच्या लिंबाखाली साठीचे एक सडपातळ गृहस्थ मांडी घालून बसले होते आणि पुढ्यातल्या पाट्याला टाकी लावत होते. त्यांच्या भुवयांवर दगडाची पांढरी भुकटी बसली होती. ओसरीत एक मोठा रांजण होता आणि त्याच्याजवळ एक बाई ज्वारी निवडत होत्या.

“पाणी मिळेल का?” मी म्हणालो. या वेळी ते जरा सुलभ गेले.

“मल्लव्वा, पाणी दे पावण्यास्नी,” टाकी न थांबवता ते म्हणाले. “बसा. मुकं मापवालं तुमीच न्हवं?”

बातमी माझ्या आधी पोचली होती. मल्लव्वांनी रांजणातून तांब्या भरून दिला. ते पाणी इतके थंड होते की दात शिवशिवले. मी पाणी प्यालो, धीर एकवटला आणि वीरगळाविषयी विचारले. टाकी थांबली.

“व्हय, माझाच हाय. जुना हुता त्यो मोडला. त्या साली रस्त्याचं काम निघालं हुतं, समदं गाव खडी फोडाया जायचं. खडीचा ट्रक मागं आला आन् दगडावर गेला. वरला भाग चाकाखाली आला, त्याचा चुराच झाला. खालचं दोन तुकडं ऱ्हायलं. आदीच पाऊस न्हाई, त्यात गावचा राखण्या मोडला. मानसं पाराकडं बगंनात. म्हणलं, आपल्या हातात टाकी हाय, आपुन काय करतोय? मग दुपारची सुट्टी व्हायची खडीवर, तेवढ्यात घडवायचो. चार म्हैनं लागलं.”

“तुम्ही हुबेहूब घडवलात.”

“तुकडं हुतं तेवढं हुबेहूब. तुमी किती सालचा म्हणून लिवलासा?”

खोटे बोलण्याचा विचार मनात आला नाही असे नाही.

“सातशे वर्षांपूर्वीचा.”

हणमंतांनी टाकी खाली ठेवली. त्यांचे खांदे हलू लागले, मग डोळ्यांत पाणी आले. ते आवाज न करता हसत होते.

“मल्लव्वा, आयकलंस का? शिकलेलं लोक म्हंत्यात, माझा हात सातशे वरसांचा हाय.”

“तोंड न्हाई व्हय तेवढं जुनं?” मल्लव्वा सुपातून मान वर न करता म्हणाल्या.

मी छायाचित्र काढले आणि अप्सरेवर बोट ठेवले. “हिच्या नाकात नथ का आहे?”

हणमंतांचे हसू एकदम ओसरले. त्यांनी ओसरीकडे पाहिले, मग पुढ्यातल्या पाट्याकडे. एवढ्या मोठ्या वयाच्या माणसाला लाजताना मी प्रथमच पाहत होतो. आणि लाजणे हा माझाच विषय असल्यामुळे मला ते लगेच ओळखता आले.

“वरला चुरा झाल्याला,” ते म्हणाले. “त्येच्यावर काय हुतं, नीट कुणालाच ठावं न्हवतं. म्हातारी मानसं म्हणली, वीराला सर्गात नेणाऱ्या बाया हुत्या. मी काय सर्गातल्या बाया बगितल्या न्हाईत. म्हणून…”

“म्हणून माझं नाक घेतलं,” मल्लव्वांनी वाक्य पुरे केले. “आन् हे एवढं मोठं केलं. सासूबाई म्हणायच्या, सून गावच्या पारावर टांगली ह्यानं.”

“नाक हाय तेवढंच हाय,” हणमंता म्हणाले.

“आणि नथ?” मी विचारले.

हणमंतांनी पाट्यावरची भुकटी हाताने झाडली.

“नथ हुती तिला. तिच्या बापानं घातल्याली, तीन मोत्यांची. त्या साली ती ज्वारीच्या बदल्यात गेली,” हणमंता हलक्या आवाजात म्हणाले. “म्हणलं, दगडात तरी घालू. तिथनं कुणी न्यायची न्हाई.”

मल्लव्वा सूप पाखडत होत्या. कोंडा उडून उन्हात तरंगत होता. त्यांच्या नाकात आता एक साधी चमकी होती.

मी छायाचित्र पाकिटात ठेवले. आपल्याला काय मिळाले आहे, हे कळण्याइतका मी तेव्हा शहाणा नव्हतो. काय गेले, एवढेच मला कळत होते. माझ्या चेहऱ्यावरून हणमंतांना ते दिसले असावे.

“काय झालं, पावनं? त्वांड का उतरलं?”

“माझा प्रबंध मोडला. ब्याण्णव पानं लिहिली होती. दहा दिवसांत द्यायचा आहे.”

“समदीच पानं चुरा झाली?”

मी विचार केला. “समदी नाही. काळाचं आणि शेंदराचं प्रकरण गेलं. मापं बरोबर आहेत. वर्णनं बरोबर आहेत. गावाचा जुना इतिहास आहे, तोही ठीक आहे.”

“मग तुकडं हायत की,” हणमंता म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात एकाएकी कारागिराची निकड आली. “हे बगा. आदी तुकडं भुईवर मांडायचं. घाई करायची न्हाई. जे हाय ते हाय तसंच ठेवायचं, त्येला टाकी लावायची न्हाई. जे न्हाई, ते आपलं म्हणून घडवायचं. आन् कुणी इचारलं की सांगायचं, एवढं जुनं आन् एवढं माझं. लपवायचं कशाला? मी कुठं लपीवलं? इचाराया तुमीच सव्वीस वरसांनी आलासा.”

संशोधनपद्धती हा आमचा एक पूर्ण पेपर होता. त्यात मला बासष्ट गुण होते.

“त्या तुकड्यांचं पुढं काय झालं?” मी विचारले. त्या दिवसातला हा पहिला प्रश्न असा होता की जो मला आधी पाठ करावा लागला नाही.

“एक नव्या दगडाच्या पायात घातला, चौथऱ्याखाली. दुसरा घरी आणला.” त्यांनी ओसरीकडे मान हलवली. “रांजण बसलाय न्हवं त्येच्यावर.”

मी जागचा उठलो. रांजणाखाली ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक काळा दगड होता. त्याची एक कड पुढे आली होती आणि तिच्यावर त्या सकाळचे हळदकुंकू होते. मल्लव्वांनी सूप बाजूला ठेवले, येऊन फडके सरकवले आणि पाण्याचा हात फिरवून दगड स्वच्छ केला.

“राखण्या दुष्काळात मोडला,” त्या म्हणाल्या. “तान्हेला असंल. म्हणून पाण्याखाली ठिवलाय. सव्वीस वरसांत रांजण कोरडा पडू दिला न्हाई मी. दोन कोस गेले, पर भरला.”

ओल्या दगडावर हळूहळू आकृती उमटू लागल्या. गुरांची ओळ, एकामागे एक, शिंगे उंचावलेली. आणि त्या ओळीच्या शेवटी एक लहानसे वासरू होते. सगळी गुरे गावाकडे पळत होती. ते एकटे थांबले होते आणि मान मागे वळवून, चौकटीच्या तुटलेल्या कडेकडे, जिथे वीर पडला असणार तिकडे, पाहत होते.

“पारावरच्या दगडात हे वासरू नाही,” मी म्हणालो. तिथे एक कोरी जागा होती. ‘हा भाग कालौघात झिजला आहे,’ असे मी सत्तेचाळीसाव्या पानावर लिहिले होते.

“न्हाई,” हणमंता माझ्या शेजारी येऊन उकिडवे बसले. “ते जमलं न्हाई मला. तीनदा कोरलं, तीनदा पुसलं. गुरं जमली, घोडं जमलं, सर्गाच्या बाया जमल्या. पर मागं वळल्याली ती मान, ती नजर… ज्येनं घडीवलं त्यो लई मोठा मानूस. मी कोराच ठिवला मग. आपल्याला न्हाई आलं तर न्हाई आलं.”

आम्ही दोघे बराच वेळ त्या वासराकडे पाहत राहिलो. ते खरोखरच सातशे वर्षांचे होते. त्यासाठी मला परिशिष्टाची गरज नव्हती.

दुपारच्या गाडीपर्यंत मी नोंदवहीची नऊ पाने भरली. गाडीत बसताना आप्पांनी खिडकीतून विचारले, “मग अर्ज फाडू का?” आणि मी म्हणालो, “फाडा.” माझ्या हातून गावासाठी झालेले ते पहिले ठोस कार्य.

मॅडमनी ती नऊ पाने उभ्यानेच वाचली. माहितीदारांच्या रकान्यापाशी त्या थोडा वेळ थांबल्या. तिथे आता नावे होती, वये होती, व्यवसाय होते. हणमंतांच्या नावापुढे मी आधी ‘पाथरवट’ आणि मग ते खोडून ‘शिल्पकार’ लिहिले होते.

“खोडलंत का? दोन्ही राहू द्या,” त्या म्हणाल्या. “आता दहा दिवस आहेत. बसा लिहायला. आणि गोसावी, ती नथ पाहून मला फार आनंद झाला होता. तेव्हा सांगितलं नाही.”

दहा दिवसांत मी एकशे चार पाने लिहिली. रफिकने शाई, चहा आणि न मागितलेले सल्ले पुरवले. नव्या प्रबंधाचे नाव होते ‘पांगरखेलचा वीरगळ: एक स्मारक, दोन घडवणारे’. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक वयस्कर परीक्षक आले होते. त्यांनी बरीच पाने उलटली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

“मूळ दगड घडवणाऱ्याचं नाव काही कळत नाही ना?”

“पहिल्याचं नाही, सर,” मी म्हणालो. “दुसऱ्याचं कळतं.” आणि मग, कोणी पुढचे काही विचारले नसताना, मी त्यांना त्या वासराची गोष्ट सांगितली. मध्येच मला जाणवले की खोलीत एक मोठा, स्पष्ट आवाज येत आहे आणि तो माझा आहे. मॅडम खिडकीबाहेर पाहत होत्या. या वेळी त्यांच्या न पाहण्याची भीती वाटली नाही.

निकाल लागल्यावर, जूनच्या अखेरीला, मी बांधीव प्रत घेऊन पांगरखेलला गेलो. प्रत देऊन संध्याकाळच्या गाडीने परतायचे, असा माझा बेत होता. पण आप्पांनी ती फाट्यावरच हातातून घेतली, पारावर फडके अंथरून तिच्यावर ठेवली आणि हणमंतांना निरोप धाडला. ते धुतलेला सदरा घालून आले. मल्लव्वाही आल्या, आणि मग त्यांच्या मागे ओढ्याकडची निम्मी आळी.

हणमंतांनी पाने चाळली. लिहिता-वाचता त्यांना येत नव्हते, पण प्रत्येक पान ते दगडाचा पोत पाहावा तसे बोट फिरवून पाहत होते.

“माझं नाव कुठं हाय?”

मी पान उघडून बोट ठेवले. त्यांनी ती अक्षरे बराच वेळ पाहिली.

“दगडावर का नाही कोरलंत नाव?” मी विचारले.

“त्यो दगूड वीराचा. माझ्या नावाला कोण शेंदूर लावायचं?” ते म्हणाले, आणि तरीही बोट नावावरून काढले नाही. “वाचा की. काय लिवलंय ते आयकू दे.”

मी वाचू लागलो. दुसऱ्याच पानावर नानांनी मला थांबवले. ट्रक ओढ्याच्या अंगाने नाही, शाळेच्या अंगाने आला होता. आप्पांच्या मते तो ओढ्याच्याच अंगाने आला होता, कारण त्यांच्या लग्नाचा मांडव शाळेच्या अंगाला होता. वाद रंगला. मी खिशातून शिसपेन्सिल काढली आणि विद्यापीठाने उत्तीर्ण केलेल्या त्या प्रबंधाच्या समासात दोन्ही बाजू लिहून घेतल्या. पुढे असे सतरा वेळा झाले. ती प्रत आजही माझ्याकडे आहे. त्यांच्यासाठी मी नंतर दुसरी नेऊन दिली. गेली वीस वर्षे मी विद्यार्थ्यांना इतिहास शिकवतो आहे, आणि पहिल्या तासाला त्यांना दाखवतो ती याच समासाची पाने.

ऊन पारावरून उतरत गेले. संध्याकाळची गाडी आली, आप्पांनी कंडक्टरला हातानेच जा म्हणून सांगितले आणि गाडी गेली. मी मधल्या चौकटीच्या वर्णनाशी आलो आणि थबकलो. एवढ्या लोकांसमोर पुढचे वाचावे की नाही, मला कळेना.

“नाकाचं लिवलंय का?” मल्लव्वांनी मागून विचारले.

“लिहिलंय.”

“मोठं हाय म्हणून?”

“नाही. नथीचं लिहिलंय. ती कुठे गेली, आणि दगडात कशी आली, ते.”

 हणमंता मान खाली घालून धुतलेल्या सदऱ्याचे बटण चाचपत होते. मल्लव्वांनी पदर डोक्यावर सारखा केला, पुढे येऊन पाराच्या कडेला बसल्या आणि दगडातल्या अप्सरेसारखीच मान किंचित उंच केली.

“मग थांबलास का, लेकरा? वाच,” त्या म्हणाल्या. “मोठ्यानं वाच. त्या तिथल्या मागच्यास्नीबी आयकू जाऊ दे.”

मी मोठ्याने वाचले.